साखर बंद करू नका, आधी पातेल्यातून बाहेर काढा

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. वय ३८, ऑफिसात दिवसभर खुर्ची, वडिलांना मधुमेह. तीन महिन्यांपूर्वी एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ५.९ आलं, आता परत केलं तर तेवढंच. मधल्या काळात तुम्ही साखर तीन वेळा ‘पूर्ण बंद’ केलीत. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी डोकं ठणकलं, चिडचिड झाली आणि चौथ्या दिवशी गाडी पुन्हा जुन्याच रुळावर. म्हणून गेले दोन महिने स्वतःच्या चहात साखरेऐवजी गूळ. घरात पाच माणसं, महिन्याला साखर सहा किलो आणि गूळ दीड किलो, तो जवळजवळ सगळा तुमच्या चहासाठी. सासूबाईंना मधुमेहाची गोळी चालू आहे. आणि शेवटी विचारलंय, ‘आम्ही फार गोड खाणारी माणसं नाही, मग कमी करायचं तरी काय?’

किराण्याचा आकडा दिलात हे फार बरं केलंत. अठरा वर्षं आहारसल्ल्याचं काम करतेय, पण हा आकडा आपणहून सांगणारं माणूस विरळा. ‘दिवसाला किती साखर खाता?’ असं विचारलं की प्रत्येक जण ‘दोन चमचे’ म्हणतो. खोटं बोलत नाही कुणी, त्यांना खरंच तेवढंच आठवतं. वाण्याची यादी मात्र काही विसरत नाही.

चला, हिशोब करू. सहा किलो साखर चार माणसांत, म्हणजे माणशी दीड किलो. तुमच्या वाट्याचा गूळही दीड किलोच. तीस दिवसांनी भागा: घरातल्या प्रत्येकाला रोज ५० ग्रॅम. यातला थोडा भाग पाहुण्यांना, कामाच्या मावशींच्या चहाला आणि मुंग्यांना गेला असं धरलं तरी चाळीसच्या खाली काही येत नाही. आणि यात बिस्किटं, सॉस, मुलांच्या दुधातली पावडर, ऑफिसातला चहा, बाहेरचं सरबत हे काहीच धरलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्या बाईला २००० कॅलरी लागतही नाहीत, त्यामुळे तुमची मर्यादा आणखी थोडी खाली धरा. म्हणजे ‘फार गोड न खाणारं’ तुमचं घर, एकही पेढा न खाता, वरच्या मर्यादेवर जाऊन बसलंय. यात तुमचं काही वेगळं चुकलंय असं समजू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांचा आकडा याच्या आसपासच असतो.

आता ही साखर जाते कुठे? गोडधोड रोज होत नाही. आमटीतला गुळाचा खडा दहा ग्रॅमचा धरला तरी पाच जणांत वाटून दोन ग्रॅम. कोशिंबिरीतली आणि पोह्यांतली चिमूट तर मोजूच नका. राहतो चहा. तुम्ही दिवसाला चार कप पिता असं लिहिलंय. गूळ चमच्याने पडत नाही, खड्याने पडतो आणि सहज हाताला येणारा खडा बारा ग्रॅमचा असतो. चार कपांना ४८ ग्रॅम. तुमचा दीड किलो महिनाभरात बरोब्बर कुठे जातो ते कळलं ना?

इथेच गुळाचा विषय संपवून टाकते, कारण रोज दोन तरी माणसं तो काढतात. गूळही मुख्यत्वे सुक्रोजच. रंग, वास, थोडी खनिजं वेगळी, पण आतड्यात गेल्यावर त्याचंही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच होतं. वजनाला वजन धरलं तर गूळ साखरेपेक्षा थोडा कमी गोड लागतो, म्हणून आपण जरा जास्तच घालतो. लोहासाठी म्हणून गूळ खाणाऱ्यांना मी सांगते, त्यापेक्षा अळीव खा, कडधान्यं खा, पालेभाजीवर लिंबू पिळा. गूळ मला स्वतःला अतिशय आवडतो. गूळपोळीवर तुपाची धार ओढून खाणाऱ्यांतली मी आहे. पण औषध म्हणून दिवसाला पन्नास ग्रॅम गूळ घेणं ही स्वतःची फसवणूक आहे. मधाचं आणि खडीसाखरेचं तेच. ‘ब्राऊन शुगर’चं तर त्याहून तेच.

मग तीनदा ठरवूनही का जमलं नाही? तुम्ही ओघात एक वाक्य लिहिलंय: ‘बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही म्हणून चहाच सोडला.’ डोकं दुखण्याचं कारण बहुधा हे. दिवसाला चार कप पिणाऱ्याने चहा एकदम सोडला की कॅफिन तुटतं आणि चोवीस तासांच्या आत-बाहेर डोकं धरतं, चिडचिड होते, सुस्ती येते. सगळं खापर साखरेवर फुटतं आणि ‘मला साखरेचं व्यसन आहे, माझ्याच्याने होणार नाही’ असं माणूस मनाशी पक्कं करून टाकतो. म्हणून पहिली गोष्ट, चहा सोडू नका. कप कमी करायचे असतील तर ते पुढे केव्हातरी, सावकाश. दोन आघाड्या एकदम उघडायच्या नाहीत.

सुरुवातीच्या वर्षांत मीही ‘साखर शून्य’ असे तक्ते लिहून देत असे. माणसं पंधरा दिवसांनी पडलेल्या चेहऱ्याने यायची, नाहीतर यायचीच नाहीत. नंतर मी तक्ते बाजूला ठेवले आणि एक वजनकाटा टेबलावर आणून ठेवला. आता नव्या माणसाला सांगते, येताना घरच्या साखरेच्या डब्यातला चमचा घेऊन या. एक काकू असाच चमचा घेऊन आल्या. स्टीलचा, लग्नात आलेला, दांड्यावर नाव कोरलेलं आणि आकार पोहे खायच्या चमच्याचा. म्हटलं, रोज घालता तसंच घाला. त्यांनी सवयीने शिगोशीग भरला. काट्यावर ९ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा असतो साधारण ५ ग्रॅमचा. ‘दोन चमचे’ म्हणता म्हणता काकू कपाला १८ ग्रॅम घेत होत्या. त्यांना मी काहीही बंद करायला सांगितलं नाही. चमचा तेवढा बदलायला लावला, लहान आणि सपाट. साखर जवळजवळ निम्म्यावर आली. चहा फिका लागतोय म्हणून पहिला आठवडा त्या कुरकुरल्या आणि मग विसरून गेल्या.

आता तुमच्या घरचं पातेलं. आपल्याकडे चहाला आधण ठेवतानाच साखर पडते. पातेल्यात पाच कप पाणी, त्यात ‘अंदाजाने’ साखर, मग पावडर, आलं, दूध. म्हणजे पाच माणसांनी किती साखर खायची हे गॅसपाशी उभा असलेला एक हात ठरवतो, तोही अर्धवट झोपेत सकाळी सहाला. ज्याला अर्धाच चमचा पुरला असता त्यालाही दोन मिळतात. सासूबाईंनाही त्याच. तुम्ही स्वतःपुरता गूळ वेगळा केलात, बाकीचं पातेलं तसंच राहिलं.

म्हणून माझा सल्ला एवढाच: उद्यापासून पातेल्यात साखर घालायची नाही. सगळ्यांचा चहा बिनसाखरेचा गाळायचा आणि साखरेचं भांडं लहान चमच्यासकट टेबलावर. ज्याने त्याने आपल्या कपात आपल्या हाताने घालायची. कुणाला किती हे बोलायचं नाही, भुवया उंचवायच्या नाहीत. पहिले काही दिवस प्रत्येक जण नेहमीइतकीच घालेल, घालू दे. पण मोजून घालतोय हे ज्याचं त्याला दिसायला लागतं, आणि तिसरा सपाट चमचा कपात ओतताना हात थोडा तरी थबकतोच. ‘पाहुण्यांपुढे बिनसाखरेचा चहा ठेवायचा म्हणजे कंजूषपणा वाटतो’ असं सासूबाई म्हणतात, त्यावरही हेच भांडं कामाला येतं. ट्रेमध्ये भांडं ठेवलं की पाहुणचारात काही उणं राहत नाही. उलट हल्ली निम्मे पाहुणे ‘बरं झालं वेगळी ठेवलीत’ म्हणतात.

स्वतःपुरतं तुम्ही असं करा. गूळ बंद, परत साखरेवर या, कारण साखर मोजता येते, खडा मोजता येत नाही. दोन सपाट चमच्यांपासून सुरुवात, म्हणजे १० ग्रॅम. दहा-बारा दिवसांनी दीड. पुन्हा दहा-बारा दिवसांनी एक. मग अर्धा. जिभेला तेवढा वेळ लागतो, आणि एकदा ती सरावली की जुना चहा पाकासारखा लागतो. सव्वा महिन्यात तुम्ही अर्ध्या चमच्यावर याल. चार कपांना १० ग्रॅम, आजच्या ४८ च्या जागी. त्याखाली उतरायचं की तिथेच थांबायचं, हे तेव्हा बघा. अर्ध्या चमच्यावर आयुष्यभर खुशाल राहिलेली माणसं मला माहीत आहेत आणि मी त्यांना कधी टोकलं नाही.

चहाच थोडा बदललात तर हे सोपं जातं. आपली दाणेदार पावडर उकळ-उकळ उकळली की त्यातली तुरट द्रव्यं सगळी पाण्यात उतरतात, आणि तो तुरटपणा झाकायलाच साखर लागते. पावडर थोडी कमी घाला, पाण्याला उकळी आल्यावर घाला आणि दोन-तीन मिनिटांत उतरवा. दूध चांगलं घाला, दुधातली प्रथिनं तुरटपणा धरून ठेवतात. गवती चहाची दोन पाती किंवा वेलची टाकली की वासानेच गोडवा भासतो. आलं मात्र या काळात बेताने, तिखटपणा वाढला की जीभ पुन्हा साखर मागते. कोरा चहा जमत असेल तर उत्तम, पण तो सगळ्यांना जमत नाही. मलाही जमत नाही.

ऑफिसच्या यंत्रातला चहा ही वेगळीच भानगड. बटण दाबल्यावर येणाऱ्या त्या चहाच्या मिश्रणात साखर आधीच घातलेली असते, कमी करायची सोयच नाही. पाकीट बघायला मिळालं तर घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो पहिला, असा लेबलचा नियम आहे. साखर बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या नंबरावर सापडेल. खालच्या टपरीवाल्याला ‘बिनसाखरेचा’ सांगितलं तर तो वेगळा करून देतो. नाहीतर घरून थर्मास.

चहाबरोबरचं बिस्किट: साध्या ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, क्रीमच्यात आणखी. चार छोटी बिस्किटं म्हणजे एक सपाट चमचा. फार नाही, पण ती भूक भागवत नाहीत आणि चाराची आठ कधी होतात कळत नाही. दुपारी चार-पाचला गोड खावंसं वाटणाऱ्यांना मी आधी विचारते, जेवणात काय होतं? दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी असेल तर चारला पोट ओरडणारच. डब्यात उसळ, वरण, दही किंवा अंडं यातलं काहीतरी येऊ द्या आणि ड्रॉवरमध्ये फुटाणे-शेंगदाणे ठेवा.

मुलांच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय की दुधात दोन चमचे चॉकलेटी पावडर आणि ‘चव यावी म्हणून’ वर एक चमचा साखर. वरची साखर आजच थांबवा, पावडरीत ती मुबलक असते. डब्याची मागची बाजू बघा. ‘टोटल शुगर्स’ आणि ‘अॅडेड शुगर्स’ असे दोन आकडे असतात. पहिल्यात दुधातली नैसर्गिक साखरही येते, तुम्ही दुसरा बघायचा. ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाला आपल्या अन्नकायद्यात काही व्याख्याच नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांना अशी पेयं त्या नावाखाली दाखवू नका असं सांगितलं, ते यामुळेच. पावडर दर आठवड्याला पाव चमच्याने कमी करत आणा, दूध तेवढंच ठेवा. मुलांना जाणवत नाही, हे दोन मुलांवर स्वतः करून बघितलंय. मोठी शाळेत जाणारी असतील तर लेबल त्यांनाच वाचू द्या. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले आहेत, काही मुलं ते बघून घरी येऊन आईबापांची शाळा घेतात.

लेबलवर साखर ‘साखर’ म्हणूनच लिहिलेली असेल असं नाही. लिक्विड ग्लुकोज, इनव्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट ही सगळी एकाच घराण्यातली. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या आकड्यात धरत नाहीत, पण रक्तातलं ग्लुकोज तेही झपाट्याने वाढवतं, म्हणून ‘नो अॅडेड शुगर’ वाचून पाघळू नका. आणि टोमॅटो सॉस. त्यात साधारण पाव हिस्सा साखर असते. पोळीच्या रोलला तीन चमचे सॉस चोपडला की एक चमचा साखर झालीच.

थंड पेयांचं सोपं आहे. बाटलीतल्या पेयात १०० मिलीला दहा-अकरा ग्रॅम, म्हणजे ३०० मिलीच्या एका छोट्या बाटलीत तीसच्या वर. उसाचा रस ताजा आणि आपला असला तरी साखरेच्या बाबतीत त्याच रांगेत, महिन्यातून एखाद्या वेळी रसवंतीवर बसून प्या आणि मजेत प्या. कोकमाचं मात्र लक्षात ठेवा: कोकम सरबताचं सिरप साखरेत बनतं आणि आगळ मिठात. आगळाची बाटली आणा, पाण्यात घालून जिरेपूड आणि किंचित साखर, म्हणजे गोडी तुमच्या हातात. ताक, सोलकढी आहेतच. हापूसच्या रसात साखर घालणाऱ्यांशी मात्र मी वाद घालत नाही, नुसती बघत राहते.

गोळ्यांतल्या किंवा थेंबांतल्या कृत्रिम गोडीबद्दल विचारलंत. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही. माझी अडचण निराळी आहे. चार कप तितकेच गोड राहिले की जीभ आहे तिथेच राहते आणि मग लाडू समोर आला की ‘चहात साखर नाही ना घेतली’ म्हणून दोन उचलले जातात. तुम्हाला तिची गरज दिसत नाही.

आता जे माझ्या हातात नाही ते. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. साखर कमी केल्याने तो खाली येईलच अशी हमी मी देत नाही. भात-पोळीचं प्रमाण, रात्री किती वाजता जेवता, झोप, पोटाचा घेर, घराण्यातला मधुमेह, सगळं त्यात येतं. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललात तर साखर कमी करण्याइतकाच उपयोग होतो असं मी बऱ्याच जणांत बघितलंय. दुसरं, हिमोग्लोबिन तपासलंय का? लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग असेल तर हा आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो आणि आपल्याकडच्या बायकांत ते फार आढळतं. पुढच्या वेळी दोन्ही एकत्र करा आणि उपाशीपोटीची साखरही. आकडा साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे त्याआधी परत तपासून उपयोग नाही, नुसता जीव टांगणीला.

आणि सासूबाई. घरातलं पातेलं बदलायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करा. काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, आणि इन्शुलिन, रोजच्या खाण्याचा अंदाज घेऊनच ठरवलेल्या असतात. खाण्यातली साखर एकदम निम्म्यावर आली आणि डोस तोच राहिला तर रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, अचानक भोवळ किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर त्या क्षणी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर बघायची आणि तरी कमी असेल तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. एका घरात उत्साहाच्या भरात साखरेचा डबाच घराबाहेर काढला होता. रात्री आजोबांना घाम फुटला तेव्हा शेजाऱ्यांकडून वाटी मागून आणावी लागली. तुमच्या टेबलावर भांडं राहणारच आहे, ते यासाठीही राहू द्या.

क्रम पुन्हा सांगते. आधी डॉक्टरांना फोन, मग चमचा बदला, मग पातेलं, मग तुमचा गूळ. मुलांची पावडर त्यानंतर. आमटीतला खडा, सणाची पुरणपोळी, वाढदिवसाचा श्रीखंडाचा बेत यांना अजिबात हात लावू नका, नाहीतर घर तुमच्या विरोधात जाईल आणि तेही एवढ्याशा ग्रॅमांसाठी.

पुढच्या महिन्याच्या यादीत साखरेपुढे साडेपाच लिहा, गूळ पाव किलो. त्याच्या पुढच्या महिन्यात साडेचार. संपली मध्येच तर आणा, पण आणली हे यादीवर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी रिपोर्टबरोबर त्या तीन याद्याही घेऊन बसा, मला त्यांतून रिपोर्टपेक्षा जास्त कळतं. फक्त दिवाळीचा महिना मध्ये आला तर तो सोडून मोजा, अनारशांची साखर धरली की कुठलाच हिशोब जुळत नाही.